तिसऱ्या स्लॉटची गोष्ट

२१ सप्टेंबर १९९९. पहाटे पावणेदोनच्या सुमारास तैवान भूकंपाने हादरलं. दोन हजारांहून अधिक माणसं दगावली. शिन्चू शहरातले चिप बनवणारे कारखाने वीज गेल्याने बंद पडले आणि जगभर संगणकाच्या मेमरीचे भाव भडकले. जगातल्या मदरबोर्डचा फार मोठा हिस्सा तेव्हाही तैवानी कंपन्याच बनवत. त्या कशाबशा सावरत होत्या, तोच आठवड्याच्या आत अमेरिकेतून दुसरी बातमी आली. इंटेलचा '८२०' हा नवा चिपसेट २७ सप्टेंबरला बाजारात यायचा होता, तो आता येणार नव्हता.

चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधला दुवा. तो लांबला की त्याच्या भोवती बेतलेला सगळा संगणक लांबतो. मदरबोर्डवाल्यांनी तर माल तयार ठेवला होता. प्रत्येक बोर्डावर मेमरीचे तीन स्लॉट होते आणि दुखणं नेमकं तिथेच होतं. इंटेलचं म्हणणं असं, की तिन्ही स्लॉट वापरात असले की काही परिस्थितींत मेमरीतला डेटा बिघडतो. दोनच ठेवले तर काही अडचण नाही.

पाच वर्षांपूर्वी, १९९४ मध्ये, इंटेलचे हात असेच पोळले होते. पेंटियम प्रोसेसर काही ठरावीक भागाकार चुकवत होता, कारण चिपमधल्या एका तक्त्यातल्या काही नोंदी भरायच्या राहून गेल्या होत्या. ते निस्तरायला कंपनीने साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर बाजूला काढले. पण ती चूक बोट ठेवून दाखवता येत होती. ८२० च्या प्रकरणात तसं काही नव्हतं. चिपचं तर्कशास्त्र बरोबर, बोर्डाचा नकाशा बरोबर, मेमरीची पट्टीही बरोबर. सगळे एकत्र आले की मात्र एकाचा शून्य अन् शून्याचा एक होत होता.

हे समजायला थोडं मागे जायला हवं.

१९९३ चा पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता. १९९९ च्या ऑगस्टपर्यंत पेंटियम थ्री ६०० मेगाहर्ट्झला पोचला. म्हणजे सहा वर्षांत दसपट. याच काळात मेमरीकडे जाणारा रस्ता ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर आला, तोही १९९८ मध्ये. प्रोसेसर बहुतेक वेळ हात बांधून मेमरीची वाट पाहत बसे. मेमरीचा रस्ता वेगवान का करत नव्हते? कारण आड येत होती ती बोर्डावरची तांब्याची साधी रेघ.

संथ सर्किटमध्ये तार म्हणजे नुसती जोडणी. एका टोकाला व्होल्टेज दिलं की दुसऱ्या टोकाला ते हजर, असं धरून चालतं. खरं तर बोर्डावर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. सिग्नल पालटायला लागणारा वेळ या प्रवासाच्या वेळाइतका तोकडा झाला, की तारेवर लाट धावू लागते आणि लाटेचे नियम लागू होतात. जाड दोराला बारीक दोर बांधून झटका दिला, तर गाठीपाशी थोडा झटका पुढे जातो आणि थोडा उलटा हाताकडे येतो. तारेचंही तसंच. तिची रुंदी बदलली, खालच्या ग्राउंडच्या थरापासूनचं अंतर बदललं किंवा मध्ये कनेक्टर आला, की लाटेला मिळणारा विरोध, म्हणजे इम्पिडन्स, बदलतो आणि लाटेचा एक तुकडा मागे फिरतो. तो फिरून येईतो पुढचा बिट निघालेला असतो. दोघांची सरमिसळ होते.

१९९० मध्ये माइक फार्मवाल्ड आणि स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्क होरोविट्झ यांनी कॅलिफोर्नियात रॅम्बस नावाची कंपनी काढली, ती याच अडचणीवर. त्यांचं म्हणणं होतं की लाट आहेच तर तिला लाट म्हणूनच वागवा. रुंद, संथ रस्त्याऐवजी अरुंद आणि भन्नाट वेगाचा रस्ता करा. पीसीसाठी पुढे जो 'डायरेक्ट रॅम्बस' आला, त्यात डेटाचा रस्ता फक्त १६ बिटांचा. घड्याळ ४०० मेगाहर्ट्झचं, पण त्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर बिट जायचा. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला सव्वा नॅनोसेकंद. तेव्हाच्या नेहमीच्या एसडीरॅममध्ये तो १० नॅनोसेकंद होता. सिग्नलची उडी अवघी ०.८ व्होल्टची. आणि तार सगळीकडे, बोर्डावरही आणि मेमरीच्या पट्टीवरही, २८ ओहमचीच हवी. सिग्नल पट्टीत एका बाजूने शिरायचा, सगळ्या चिपांना भेटून दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचा, पुढच्या पट्टीत जायचा आणि शेवटी रोधकांत विरून जायचा, म्हणजे परतीची लाट उरणारच नाही. म्हणूनच स्लॉट रिकामा ठेवायची सोय नव्हती. मेमरी नसेल तर तिथे तारांचा पूल असलेली एक मुकी पट्टी बसवावी लागे.

ही कल्पना कागदावरच होती असं मुळीच नाही. १९९६ मध्ये आलेल्या निन्टेन्डो ६४ या खेळाच्या यंत्रात रॅम्बसची मेमरी होती. ते यंत्र ज्यांनी हाताळलंय त्यांना पुढच्या झाकणाखालचा 'जंपर पॅक' आठवत असेल. त्यात मेमरी नव्हतीच, होते ते लाट जिरवणारे रोधक. मुलांनी तो उगाच काढून ठेवला की यंत्र सुरूच व्हायचं नाही.

१९९६ च्या अखेरीस इंटेलने ठरवलं की पीसीची पुढची मेमरी रॅम्बसचीच. निर्णय वेडगळ नव्हता. पण निन्टेन्डोचा बोर्ड एका कंपनीने आखलेला, चिपा जागच्या जागी झाळलेल्या, विस्तारासाठी एकच खाच. पीसीचं तसं नसतं. बोर्ड एकाचा, पट्टी दुसऱ्याची, पट्टीवरच्या चिपा तिसऱ्याच्या, आणि कुठल्या स्लॉटात काय खुपसायचं हे ठरवणारा गिऱ्हाईक चौथा. या चौघांची गाठ कधीच पडत नाही.

मग हे सगळं आधी गणिताने तपासता येत नव्हतं का? येत होतं, आणि त्यासाठीची साधनं तोवर चांगली रुळलीही होती. त्यांची गोष्ट बर्कलीत सुरू होते. १९७० च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉन रोहरर यांच्या वर्गात विद्यार्थ्यांनी सर्किटचं गणित करणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव होतं 'कॅन्सर', आणि त्या इंग्रजी नावातली शेवटची दोन अक्षरं 'किरणोत्सर्ग वगळून' असं सांगणारी होती. अशा प्रोग्रॅमांना तेव्हा लष्कराकडून पैसा मिळे आणि अणुस्फोटाच्या किरणोत्सर्गात सर्किट टिकेल का हे पाहण्याची अट असे. व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या बर्कलीने नावातच त्या अटीला वाकुल्या दाखवल्या. पुढे रोहरर बर्कली सोडून गेले आणि लॅरी नेगल या विद्यार्थ्याचं काम डोनाल्ड पीडरसन यांच्याकडे आलं. पीडरसन यांचं सांगणं एकच होतं, जे काही बनेल ते सगळ्यांना खुलं हवं. त्यातून 'स्पाइस' जन्मला आणि एप्रिल १९७३ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू इथल्या परिषदेत जगापुढे आला. जो मागेल त्याला मिळायचा. पदवी घेऊन बाहेर पडणारे विद्यार्थी त्याच्या टेप सोबत घेऊन कंपन्यांत गेले, आणि पुढच्या वीस वर्षांत सर्किटचं गणित म्हणजे स्पाइस असं समीकरण होऊन बसलं.

बोर्डावरच्या तारांसाठी मात्र स्पाइसपुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली, आणि ती मालकीची होती. तारेवर काय होईल हे काढायचं तर तारेच्या टोकाला बसलेल्या चिपच्या आत काय आहे हे माहीत हवं. स्पाइससाठी चिपवाल्याने आपल्या ट्रान्झिस्टरांची मापं द्यायची म्हणजे धंद्याचं गुपितच द्यायचं. ते कुणी देईना. इंटेलमध्ये पीसीआय या बसचं, म्हणजे चिपा आणि कार्डं जोडणाऱ्या सामाईक रस्त्याचं, काम चाललं होतं तेव्हा हे फार टोचू लागलं. पीसीआयने परतीच्या लाटेशी भांडायच्या ऐवजी तिलाच कामाला जुंपलं होतं. चिपने अर्ध्याच व्होल्टेजची लाट सोडायची, ती मोकळ्या टोकावर आपटून दुप्पट होऊन परतायची आणि परतताना वाटेतल्या सगळ्या चिपांना पूर्ण व्होल्टेज मिळायचं. हे जमायचं तर कार्ड बनवणाऱ्या प्रत्येकाला गणित करता यायला हवं. त्या बसच्या सिग्नलांचं काम पाहणाऱ्या डोनाल्ड टेलियन यांनी यावर तोड काढली. चिपच्या आतलं काही सांगू नका, फक्त पिनेवर किती व्होल्टला किती प्रवाह येतो आणि सिग्नल किती वेगाने पालटतो याचे तक्ते द्या. 'आयबिस' या नावाने ही पद्धत १९९३ मध्ये सर्वांसाठी जाहीर झाली. त्याच वर्षी हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहम यांचं हाय-स्पीड डिजिटल डिझाइनवरचं पुस्तक आलं. त्याच्या उपशीर्षकात 'काळी जादू' हे शब्द आहेत. अभियंते हा विषय तेव्हा कुठल्या नजरेने पाहत, ते यावरून कळावं.

तर साधनं होती. आता २८ ओहमचं गणित करून पाहू. बोर्ड छापताना आणि पट्टी बनवताना इम्पिडन्स तंतोतंत साधत नाही. दहा टक्के इकडेतिकडे चालायचं. म्हणजे २५.२ ओहमचा बोर्डही पास आणि ३०.८ ओहमची पट्टीही पास. आता हा बोर्ड आणि ही पट्टी एकाच संगणकात भेटली असं धरा. परत फिरणाऱ्या लाटेचं प्रमाण म्हणजे दोन इम्पिडन्समधला फरक भागिले त्यांची बेरीज. फरक ५.६, बेरीज ५६. उत्तर बरोबर दहा टक्के. ०.८ व्होल्टच्या उडीतले ८० मिलिव्होल्ट एका सांध्यावर मागे फिरले. हे थोडे वाटतील. पण शून्य आणि एक यांच्यामधली सीमारेषा उडीच्या मध्यावर असते, म्हणजे दोन्हीकडे जागा ४०० मिलिव्होल्टचीच. तिचा पाचवा हिस्सा एका सांध्यात गेला. प्रत्येक पट्टीला आत शिरताना एक आणि बाहेर पडताना एक असे दोन सांधे. दोन पट्ट्यांना चार, तीन पट्ट्यांना सहा. शिवाय मागे फिरलेला तुकडा आधीच्या सांध्यावर पुन्हा आपटून पुढे येतो आणि मागून येणाऱ्या बिटाच्या अंगावर बसतो. शेजारच्या तारेतून येणारी कुजबुज आणि घड्याळाची थरथर वेगळीच.

एकाही भागावर 'नापास' असा शिक्का मारता येत नाही, आणि तरीही बेरीज चुकते.

बरं, सगळ्या शक्यता तपासायच्या म्हटल्या तर किती? समजा बाजारात सहा प्रकारच्या पट्ट्या आहेत आणि सातवी ती मुकी पट्टी. तीन स्लॉटांत मिळून ३४३ जुळण्या होतात. त्यात तापमान, व्होल्टेज आणि बोर्डाचा इम्पिडन्स प्रत्येकी तीन पातळ्यांवर घेतले की ९,२६१. आणि प्रत्येकात बिटांचा कुठला क्रम सगळ्यात घातक हे आधी ठाऊक नसतं, म्हणून लांबच लांब क्रम चालवून पाहावे लागतात. तेव्हाच्या यंत्रांवर स्पाइसची अशी एकेक फेरी तासन्‌तास चाले. त्यामुळे निवडक टोकाच्या जुळण्या तपासायच्या आणि बाकीचं प्रयोगशाळेतल्या बोर्डावर सोडायचं, हीच रीत होती.

१५ नोव्हेंबर १९९९ ला ८२० बाजारात आला, दोन स्लॉट घेऊन. तिसरा गेला.

पण खरा तडाखा पुढेच होता, आणि त्याला निमित्त झाला पैसा. रॅम्बसच्या पट्ट्या साध्या एसडीरॅमच्या कित्येक पट महाग होत्या. गिऱ्हाईक त्यांना हात लावीना. त्या काळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून पीसी जोडून घेणाऱ्याने रॅम्बसचं नाव ऐकलंही नसेल, कारण दुकानदार एसडीरॅमच दाखवायचा. तैवानच्या व्हिया कंपनीने १३३ मेगाहर्ट्झची साधी मेमरी चालवणारे चिपसेट आणून मधली जागा बळकावली होती. इंटेलने मग आपल्याच ८२० ला एसडीरॅम जोडता यावी म्हणून एक दुभाष्या चिप दिली, 'मेमरी ट्रान्स्लेटर हब'. एका बाजूला रॅम्बसची लाट, दुसऱ्या बाजूला एसडीरॅमच्या ढीगभर तारा.

१० मे २००० रोजी इंटेलने जाहीर केलं की या दुभाष्यात गोंगाटाचा दोष आहे. अनेक सिग्नल एकाच क्षणी पालटले की विद्युत गोंगाट उठतो आणि संगणक मधूनच रीसेट होऊ शकतो, अडकू शकतो, क्वचित डेटाही बिघडू शकतो. परत बोलावायच्या बोर्डांची संख्या दहा लाखांच्या घरात जात होती. बोर्ड बदलून द्यायचं इंटेलने कबूल केलं, आणि बदली बोर्ड रॅम्बसचा असल्यामुळे सोबत महागडी मेमरीही पदरची द्यावी लागली.

या वेळचं दुखणं तारेच्या सांध्यातलं नव्हतं, ते विजेच्या पुरवठ्याशी निगडित होतं. चिपच्या वीज आणि ग्राउंडच्या पिनांनाही थोडा इंडक्टन्स असतो, आणि इंडक्टन्सला प्रवाहातला अचानक बदल सोसत नाही. एक तार पालटताना एका नॅनोसेकंदात २० मिलिअँपिअर ओढते असं समजा. वाटेत एक नॅनोहेन्री असेल तर पुरवठ्यात २० मिलिव्होल्टची खोट येईल. तिच्याकडे कोण पाहतो? पण ६४ तारा एकाच क्षणी शून्यावरून एकावर गेल्या आणि सगळ्यांचा प्रवाह त्याच वाटेने आला, तर खोट १.२८ व्होल्टची. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या चिपची त्या क्षणी जमीनच हलते. प्रत्यक्षात वीज आणि ग्राउंडच्या पुष्कळ पिना देऊन, जवळ कपॅसिटर ठेवून ही खोट भरून काढतात, पण किती पिना आणि किती कपॅसिटर हे फार करून अंदाजपंचेच चाले. ६४ च्या ६४ तारा एकदम पालटण्याचा योग रोज येत नाही. म्हणून चाचणीतून असे दोष निसटतात आणि गिऱ्हाइकाच्या टेबलावर उगवतात.

पुढचे महिने इंटेलसाठी माघारीचे होते. जूनमध्ये ८१५ हा एसडीरॅमवाला चिपसेट आला. याच दुभाष्याच्या भरवशावर आखलेला 'टिमना' हा स्वस्त प्रोसेसर बाजारात येण्याआधीच रद्द झाला. ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी 'फायनान्शियल टाइम्स'ला मोकळेपणाने सांगितलं की रॅम्बसवर लावलेला मोठा डाव फसला, आणि आपल्या वेगाची नाडी दुसऱ्याच्या हाती द्यायला नको होती. नोव्हेंबरमध्ये पेंटियम ४ मात्र रॅम्बससोबतच आला, कारण तो आधीच तसा आखलेला होता. त्याच्या ८५० चिपसेटला चार स्लॉट होते, पण ते दोन वेगळ्या रस्त्यांवर दोन-दोन असे विभागलेले. एका रस्त्यावर तीन पट्ट्यांचा हट्ट इथे धरलेला नव्हता.

रॅम्बसची आठवण आज निघते ती किमतीमुळे आणि २००० पासून तिने मेमरी उत्पादकांवर लावलेल्या पेटंटच्या खटल्यांमुळे. ते रास्तच आहे. पण तंत्रच फसवं होतं असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. इंटेलने बोर्ड परत बोलावण्याच्या दोनच महिने आधी, मार्च २००० मध्ये, जपानमध्ये प्लेस्टेशन २ विक्रीला आलं. त्यात रॅम्बसची ३२ मेगाबाइट मेमरी होती, दोन रस्त्यांवर, कायमची झाळलेली. ते यंत्र जगातल्या सर्वांत खपलेल्या यंत्रांपैकी एक ठरलं. फरक होता तो स्लॉटचा.

या पडझडीच्या आगेमागे हिशोबाची रीतच पालटत गेली. १९९९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे तिसऱ्या स्लॉटच्या बातमीच्या महिनाभर आधी, सन मायक्रोसिस्टिम्सचे लॅरी स्मिथ आणि सहकारी यांचा वीजपुरवठ्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातली मांडणी साधी आहे. व्होल्टेजमध्ये किती चढउतार चालेल ते ठरवा आणि त्याला प्रवाहातल्या बदलाने भागा. जे उत्तर येईल त्यापेक्षा पुरवठ्याचा इम्पिडन्स कुठल्याही फ्रिक्वेन्सीला वर जाता कामा नये. एक व्होल्टची चिप, पाच टक्के मुभा, ५० अँपिअरचा झटका, म्हणजे एक मिलिओहम. मग कुठल्या फ्रिक्वेन्सीला रेग्युलेटर पुरेल, कुठे मोठे कपॅसिटर, कुठे लहान आणि कुठे बोर्डातले तांब्याचे थरच, हे आलेखावर उतरवता येतं. 'प्रत्येक चिपजवळ एक कपॅसिटर ठोका' या जुन्या ठोकताळ्याच्या जागी मोजून दाखवता येईल असं काही आलं.

सिग्नलच्या बाजूचं कोडं २००२ मध्ये इंटेलच्याच ब्रायन कॅस्पर, मॅथ्यू हेकॉक आणि रँडी मूनी यांनी वेगळ्या वाटेने सोडवलं. लाखो बिट चालवत बसण्याऐवजी एकच बिट सोडा आणि तो पुढच्या प्रत्येक बिटाच्या वेळेला किती शेपटी ठेवून जातो ते मोजा. त्या शेपट्या पाहूनच बिटांचा सर्वांत घातक क्रम कुठला हे थेट लिहून काढता येतं, आणि त्या क्रमातही शून्य-एक ओळखता येतील का हे एका बेरजेत कळतं. तासांचं काम क्षणांत आलं. त्यामुळे हजारो जुळण्या तपासणं आवाक्यात आलं.

२००३ च्या पीसीआय एक्सप्रेसने वाटणीचा रस्ताच मोडीत काढला. दोन टोकं, मध्ये कुणी नाही. २००८ मध्ये आयबिसमध्ये भर पडली आणि चिपच्या आतलं सिग्नल सुधारण्याचं गणितही बंद पेटीसारखं देता येऊ लागलं. मालकीचं भांडण तसं मिटलं नाही, पण त्याला पेटीची सोय झाली. मेमरीत डीडीआर३ ने २००७ मध्ये घड्याळाची आणि पत्त्यांची तार पट्टीवरच्या एकेका चिपला ओळीने भेटवत शेवटी रोधकांत सोडली. रॅम्बसचीच चाल, बिनबोभाट उचललेली.

स्लॉटचं भूत मात्र उतरलेलं नाही. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरच्या अधिकृत तक्त्यात डीडीआर५ मेमरीचा वेग दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० असा छापलेला आहे. चार पट्ट्या विकत घेऊन संगणक मंदावला म्हणून तक्रार करणारे आजही भेटतात. डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने 'कॅम२' हा नवा नमुना प्रसिद्ध केला. त्यात पट्टी स्लॉटमध्ये उभी राहत नाही, बोर्डावर आडवी दाबून स्क्रूने आवळायची असते. सांधा उरतो तो दाबलेल्या बारीक टोकांपुरता.